दंतमंजनांतील सिलिका

वारणानगरच्या आसमंतांत ऊस तोडणाऱ्यांच्या हातांना पात्याची धार चांगलीच ठाऊक असते. ती धार सिलिकेची. ऊस जमिनींतील पाण्याबरोबर ती शोषून घेतो आणि पानांच्या कडांत सांठवितो. आपल्या टूथपेस्टच्या नळीवर ‘हायड्रेटेड सिलिका’ म्हणून जो पदार्थ छापलेला आढळतो, तो ह्याच कुळांतला. वाळूही त्याच कुळांतली.

मग आपण वाळूनें दांत घासतों कीं काय? तसें नाहीं. वाळूंतील गारेचें काठिण्य 7 अंकांचें, तर दांतांवरील एनॅमल नांवाच्या कवचाचें 5 च्या आसपास. कठीण वस्तु मऊ वस्तूस झिजविते. आणि एकदां झिजलेलें कवच शरीर पुन्हां घडवीत नाहीं. म्हणून कारखान्यांत शुद्ध वाळू धुण्याच्या सोड्याबरोबर भट्टींत वितळवितात, तो रस पाण्यांत विरघळवितात व त्यांत गंधकाम्ल सोडतात. तळाशीं बसणारा पांढरा साका धुऊन वाळविला कीं हायड्रेटेड सिलिका तयार झाली. हिच्या कणांत स्फटिकाची रचना नसते. ते सच्छिद्र व ठिसूळ असतात. त्यामुळें मळ निघतो, पण कवचास फारशी इजा होत नाहीं. चेहऱ्याच्या लेपांत हेच कण त्वचेवरील तेल टिपून घेतात.

विटेची भुकटी किंवा भरड राखुंडी वापरणाऱ्यांनीं हा भेद ध्यानांत घ्यावा. मंजन आधीं चिमटींत चोळून पाहावें. खरखरीत लागल्यास तें दांतांस लावूं नये. पेस्ट असली तरी ब्रश हलक्या हातानेंच फिरवावा.