डोळा एक, टक्के तीस

आमच्या गावच्या एका सुताराची गोष्ट सांगतो. तो माझा जुना विद्यार्थी. लाकूड तासताना ढलपी उडाली ती थेट त्याच्या डाव्या डोळ्यात. डोळा कायमचा गेला. उजवा मात्र शाबूत आहे.

एकदा तो माझ्या ओट्यावर येऊन बसला. म्हणाला, "गुरुजी, दोन डोळ्यांतला एक गेला. म्हणजे निम्मी नजर गेली. पन्नास टक्के झाले की नाही? मग मला सरकारचा पगार का मिळू नये?"

गणित त्याला मीच शिकवलेले. चूक कसे म्हणू? पण दाखल्याचे गणित निराळे असते.

दिव्यांगांसाठी 2016 साली नवा कायदा झाला. जुन्या 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते. आता 21 आहेत. आंधळेपणा, बहिरेपणा, हातापायाचे अधूपण तर आहेच. मनाचे आजारही आहेत. सिकल सेलसारखे रक्ताचे आजारही त्यात आले. पण बहुतेक मदतीला निदान 40 टक्के अपंगत्व लागते. संजय गांधी निराधार योजनेचा पगार असो की एस.टी.ची सवलत असो, हीच अट. पगाराला वयाची आणि उत्पन्नाचीही अट आहे, ती तहसील कचेरीत विचारावी.

टक्के सरपंच ठरवत नाही, तलाठीही नाही. सरकारने नेमलेले डॉक्टर ठरवतात. ते आजाराचे नाव ऐकून टक्के देत नाहीत. शरीरात काय उरले ते मोजतात. पाय असेल तर सांधा किती वाकतो, जोर किती आहे ते बघतात. कान असेल तर किती मोठा आवाज ऐकू येतो ते यंत्रावर बघतात. नजर मोजतात ती चष्मा लावून. एक डोळा पार गेला आणि दुसरा चांगला, तर 30 टक्के. उरलेल्या डोळ्याने माणूस चालतो, वाचतो, असा त्यांचा हिशोब. मला विचाराल तर तो जरा कडकच आहे. एका डोळ्याने अंतर नीट कळत नाही. सुताराने वाकस मारायचा कुठे?

सुतार हळूच म्हणाला, "बाजारात एक जण भेटला. पाच हजार दे, चाळीस करून देतो म्हणाला."

"अजिबात देऊ नकोस," मी म्हणालो. "खोट्या दाखल्यावर लाभ घेतला तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तुरुंगात तू जाशील, तो नाही."

मग आम्ही सेवा केंद्रात जाऊन संगणकावर अर्ज भरला. आधार कार्ड, फोटो, राहण्याचा पुरावा जोडला. डोळ्याच्या उपचाराचे जुने कागद मात्र त्याच्या बायकोने चुलीत घातले होते! ते पुन्हा मिळवायला दोन खेपा झाल्या. तेव्हा दवाखान्याची चिठ्ठी, फोटो, तपासणी काहीच टाकू नका. पुढे जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात तपासणी झाली. दाखला आला, 30 टक्के.

टक्के चुकले वाटले तर कायद्याने अपील करता येते. सुताराचे मोजमाप बरोबर होते, म्हणून आम्ही केले नाही. पण उजव्या डोळ्याची नजर पुढे उतरली तर पुन्हा मोजून घेता येईल. कागद त्याने पत्र्याच्या पेटीत ठेवलेत. आणि आता रंधा धरण्याआधी तो डोळ्यांवर जाड चष्मा चढवतो.