कूर्चेच्या पेशी आणि 'क' जीवनसत्त्व

गुडघ्यातल्या कूर्चेला (कार्टिलेजला) रक्तवाहिन्याच नसतात. तिच्या पेशींना ऑक्सिजन आणि पोषण मिळतं ते सांध्यातल्या वंगणातून, म्हणजे सायनोव्हियल द्रवातून. सांध्याला इजा झाली, सूज आली की याच पेशींमध्ये फ्री रॅडिकल्स, म्हणजे पेशींना इजा करणारे अस्थिर रेणू, वाढतात. कूर्चेतलं कोलॅजन हे प्रथिन झिजतं, पेशीही मरतात.

इथे 'क' जीवनसत्त्व दुहेरी कामाचं. ते फ्री रॅडिकल्स निकामी करतं आणि कोलॅजनचा पीळ घट्ट बसायलाही तेच लागतं. शिवाय पेशीच्या पडद्याची राखण करून दमलेल्या 'ई' जीवनसत्त्वाला ते पुन्हा कामाला लावतं. किती सुंदर व्यवस्था आहे ही!

अमेरिकेतल्या १९९६ च्या फ्रेमिंगहॅम अभ्यासात आहारातून जास्त 'क' घेणाऱ्यांची गुडघ्याची झीज कमी वेगाने वाढलेली दिसली. पण २००४ मध्ये गिनीपिगना दीर्घकाळ मोठे डोस दिल्यावर संधिवात उलट बळावला. 'ई'च्या गोळ्या दोन वर्षं देऊनही ऑस्ट्रेलियातल्या रुग्णांची कूर्चा वाचली नाही. म्हणून माझं मत ठाम आहे: गोळ्यांपेक्षा ताट बरं. आयसीएमआरच्या हिशेबाने प्रौढांना रोज ६५ ते ८० मिलिग्रॅम 'क' पुरतं; एक मध्यम पेरू ते सहज देतो. लिंबू मात्र वरण गॅसवरून उतरवल्यावरच पिळा, उष्णतेने 'क' नष्ट होतं. आणि गुडघा सुजला असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.