इंग्रजीच्या सरावातली मराठी

सावंतवाडी तालुक्यातले इन्सुली हे मुंबई-गोवा महामार्गावरचे गाव. बांदा ओलांडले की गोवा. इथली मुले कामासाठी गोव्याकडे पाहतात आणि जानेवारी २०२३मध्ये मोपा विमानतळावरून विमाने उडू लागल्यापासून ही ओढ वाढली आहे. मुलाखतीत अडतात ती इंग्रजीपाशी. राज्यात २०००पासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे दहा-बारा वर्षे शिकूनही वाक्य ओठांवर येत नाही. गावातल्या अशा मुलांचा सराव घेताना मी त्यांच्या चुका वहीत टिपत गेलो. त्यांत गोंधळ कमी आणि शिस्तच जास्त आढळली. ती शिस्त मराठीची आहे.

‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ हे वाक्य घ्या. मराठीत ‘सोमवारपासून’ आणि ‘पाच वर्षांपासून’ या दोन्हींना एकच ‘पासून’ चालतो. इंग्रजी मात्र आरंभाचा क्षण आणि मधला कालावधी वेगळे धरते : पहिल्याला ‘सिन्स’, दुसऱ्याला ‘फॉर’. शिवाय मराठीतला ‘राहतो आहे’ हा चालू वर्तमानकाळ तिथे चालत नाही, ‘हॅव बीन लिव्हिंग’ लागते. तसेच ‘काल गेलो होतो’चे ‘आय हॅड गॉन येस्टरडे’ होते. आपले ‘गेलो होतो’ साध्या भूतकाळालाही पुरते; इंग्रजीतले ‘हॅड गॉन’ भूतकाळातल्या दुसऱ्या एखाद्या घटनेच्या आधीचे असावे लागते. ‘माका दोन भाव आसत’ म्हणणारा मुलगा ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ म्हणतो, तेव्हा त्यातला ‘ॲम’ हा ‘आसत’चाच धागा असावा, असे मला वाटते.

‘अ’ आणि ‘द’ ही सर्वांत अवघड जागा. मराठीत उपपदे नाहीत, म्हणून ती पाठ करावीत असे सांगितले जाते. पण त्यांमागचा भेद आपल्याला परका नाही. ‘ते मुलगी शोधताहेत’ म्हटले की घरात लग्नाची बोलणी चालू आहेत असे समजते. ‘ते मुलीला शोधताहेत’ म्हटले की पोटात गोळा येतो. पहिली कोणतीही मुलगी, दुसरी ठरलेली. इंग्रजी पहिलीला ‘अ’ लावील, दुसरीला ‘द’. जे काम इथे ‘ला’ने झाले, ते तिथे उपपद करते. प्रत्येक ‘ला’ म्हणजे ‘द’ असे नव्हे, पण ही जोडी ऐकवली की मुले हसतात आणि उपपदाचे कारण त्यांना कळते.

शब्दसंग्रहाचेही तसेच. भूक लागते, आग लागते, ठेच लागते, वेळ लागतो, आमटी खारट लागते. इंग्रजीत या प्रत्येक ठिकाणी वेगळी रचना हवी. उलट आपण साडी नेसतो, सदरा घालतो, चष्मा लावतो, फेटा बांधतो. इंग्रजी या सर्वांना ‘वेअर’वर भागवते. म्हणून एका शब्दासमोर एक अर्थ अशा याद्या पाठ करून उपयोग थोडा. शब्द त्याच्या सोबत्यांसह, वाक्यासकटच घ्यावा.

ही तुलना नवी नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६मध्ये मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले, तेव्हा इंग्रजी व्याकरणाची चौकट त्यांच्यासमोर होती. पुढे तर्खडकरी भाषांतर पाठमालेवर कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. मराठी वाक्य, त्याचे इंग्रजी, पुन्हा उलट, असा तिचा क्रम. त्या पद्धतीत बोलण्याचा सराव नव्हता, ही उणीव खरी. पण दोन भाषा शेजारी ठेवण्याची तिची सवय आपण उणिवेबरोबरच टाकून दिली.

आज शिकवणीत ‘मराठीत विचार करू नका’ असा सल्ला मिळतो. घरी मालवणी आणि शाळेत प्रमाण मराठी बोलणाऱ्या मुलाला तो पाळता येत नाही. त्याला फक्त आपल्या भाषेची लाज वाटू लागते आणि तो गप्प होतो. खरे तर दोन बोलींमध्ये रोज ये-जा करणाऱ्या या मुलाला रचना बदलण्याची सवय आधीच आहे. ‘माका’चे ‘मला’ तो विचार न करता करतो. सराव तिथून सुरू व्हावा : आधी आपले वाक्य नीट पाहावे, ते इंग्रजीपासून कुठे फुटते ते ओळखावे, आणि त्या एका जागेची दहा वाक्ये मोठ्याने म्हणावीत.

चूक कुठून आली हे कळले की मुलगा ती सुधारायला बसतो. नुसते ‘चूक’ म्हटले की तो पुढचे वाक्य बोलतच नाही.