ऑइल घरी बदलताय? जुनं रबर आधी बघा

कारचं इंजिन ऑइल घरी बदलता येतं का? येतं. पण नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही. म्हणजे नाहीच! सपाट जागा, हँडब्रेक, मागच्या चाकांना दगड आणि पुढे जॅक स्टँड.

इंजिन चार-पाच मिनिटं चालवून बंद करा. कोमट ऑइल पटकन निथळतं. ड्रेन बोल्टचा वॉशर नवाच टाका, तिथे कंजूषी नको.

आता फिल्टर. मी सगळ्यात जास्त वेळ इथे घालवतो. डब्यासारखा जुना फिल्टर निघतो, पण त्याची रबर रिंग कधीकधी इंजिनलाच चिकटून राहते. काळ्या तेलात काळं रबर, दिसणार कसं? त्यावर नवा फिल्टर बसवला, की दोन रबरं एकावर एक. गाडी सुरू केली, प्रेशर आलं, की ऑइल भसाभस बाहेर. लक्ष गेलं नाही तर इंजिन जाम! म्हणून जागा फडक्याने पुसा, बोट फिरवून बघा. नव्या रिंगला थोडं ऑइल लावा, फिल्टर हातानेच आवळा. रिंग टेकल्यावर साधारण पाऊण फेरा बास. पाना नको.

ग्रेड आणि माप मॅन्युअलमधलंच. गाडी सुरू केल्यावर ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझला नाही तर लगेच बंद करा. विझला, तर खाली वाकून गळती बघा, मग बंद करून थोड्या वेळाने डिपस्टिक.

आणि जुनं ऑइल गटारात ओतायचं नाही हं, कायद्याने तो धोकादायक कचरा आहे. कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याला विचारा, बरेच जण ठेवून घेतात.