सांडपाण्यातील स्फुरद पुन्हा माडाकडे

कोकणातील जांभ्या दगडाची जमीन आम्लधर्मी असून तीत लोह व ॲल्युमिनियम विपुल असते. अशा जमिनीत घातलेल्या स्फुरदाचा मोठा भाग या धातूंशी जखडला जातो व पिकास मिळत नाही. शिवाय स्फुरदाच्या खतांसाठी लागणारा खडक आपला देश बहुतांशी परदेशांतून आणतो. असे असता घरातून रोज बाहेर पडणारा स्फुरद खाडीत किंवा विहिरीत जाऊ देणे हे दुहेरी नुकसान होय.

प्रौढ माणसाच्या मलमूत्रातून दररोज सुमारे १ ग्रॅम फॉस्फरस बाहेर पडतो. पाच माणसांच्या कुटुंबाचा वर्षाचा हिशोब सुमारे २५ किलो सिंगल सुपर फॉस्फेटाइतका होतो. काही शहरांत सांडपाण्यात मॅग्नेशियमचे क्षार मिसळून हा स्फुरद स्फटिकरूपाने वेगळा काढतात. खेड्यास एवढ्या यंत्रसामग्रीची गरज नाही.

या जिल्ह्यास हा विचार नवा नाही. कणकवलीच्या गोपुरी आश्रमाचे संस्थापक अप्पासाहेब पटवर्धन यांनी मैल्यापासून सोनखत तयार करण्याचे प्रयोग केले. मैला वाहण्याचे काम एका जातीवर लादले जाऊ नये, ही तळमळ त्यामागे होती.

त्यासाठी शौचालयास दोन खड्डे असावेत. एक भरला की तो बंद करून दुसरा वापरावा. बंद खड्डा निदान दीड ते दोन वर्षे तसाच ठेवावा. तोवर रोगजंतू व जंतांची अंडी बहुतांशी नष्ट होतात आणि मातीसारखे, वास नसलेले खत तयार होते. काही स्फुरद खड्ड्याभोवती मुरतो. उरलेला सेंद्रिय द्रव्यासह मिळाल्याने जमिनीत कमी जखडला जातो. हे खत उघडीप पाहून काढावे, माडाच्या आळ्यात घालून मातीने झाकावे. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाजीस ते घालू नये.

खड्डा विहिरीपासून किमान १५ मीटर दूर व उताराच्या खालच्या अंगास असावा. मालवण किनाऱ्यावरील पुळणीत भूजल फार वर असते. तेथे खड्डे न खणता जमिनीवर पक्क्या तळाच्या दोन टाक्या बांधाव्यात.

न्हाणीचे व स्वयंपाकघराचे पाणी पाटाने माड, केळी यांच्या आळ्यांत आलटून पालटून सोडावे. ते साचू देऊ नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रथम एका घरी ही व्यवस्था उभी करून दाखवावी. विहीर निर्मळ राहील आणि माडासही त्याचा वाटा मिळेल.