क्वार्ट्झचा ओटा : दगड टणक, पण डिंक नाजूक

अमरावती-अकोल्याकडील घरांत स्वयंपाकाचा ओटा म्हटला की पूर्वी कडप्पा ठरलेला असे. पुढे ग्रॅनाइट आला. आता नव्या घरांत व फ्लॅटमध्ये क्वार्ट्झचा ओटा बसविला जाऊ लागला आहे. "याला काही होत नाही," असे सांगून हा माल विकला जातो. हे म्हणणे अर्धेच खरे आहे, आणि उरलेल्या अर्ध्याची किंमत शेवटी गिऱ्हाइकाला मोजावी लागते. म्हणून ओटा बसविणाऱ्याने, विकणाऱ्याने व वापरणाऱ्या गृहिणीने, तिघांनीही हा माल नीट समजून घेतला पाहिजे.

क्वार्ट्झ म्हणजे आपली गारगोटी. परंतु ही लादी ग्रॅनाइटसारखी खाणीतून कापून काढलेली नसते. गारगोटीचा चुरा वजनाने सुमारे ९० टक्के घेऊन त्यात रेझिन, म्हणजे एक प्रकारचा प्लास्टिकचा डिंक, व रंग मिसळतात. हवा काढून, दाब व कंपन देऊन त्याची लादी बनवितात आणि ती तापवून घट्ट करतात. हे तंत्र इटलीतील ब्रेटन कंपनीने पुढे आणले. आज गुजरातेतील मोरबीतही अशा लाद्या तयार होतात. गारगोटी लोखंडी सुरीपेक्षा कठीण असते, म्हणून ओट्यावर सहसा ओरखडा उठत नाही. लादीत पाणी मुरत नाही, म्हणून ग्रॅनाइटप्रमाणे तिला वरून सीलर लावण्याची गरज नसते. मात्र उष्णता व तीव्र रसायने यांपुढे डिंक टिकत नाही. ओट्याची काळजी म्हणजे या डिंकाची काळजी होय.

पहिला शत्रू उष्णता. साधारण १५० अंश सेल्सिअसच्या पुढे रेझिनला इजा होऊ लागते. रमजानमध्ये इफ्तारची भजी तळताना कढईतील तेल १८० अंशांच्या आसपास असते. भाकरीचा तवा तर त्याहूनही तापतो. अशी कढई किंवा तवा सरळ ओट्यावर टेकविला तर पिवळट वा पांढुरका डाग पडतो, कधी तडाही जातो. हा डाग घासून निघत नाही. म्हणून शेगडीजवळ लाकडी पाट, लोखंडी तिवई किंवा जाड चुंबळ कायम ठेवावी.

दुसरा शत्रू ॲसिड, आणि आपल्या भागात याचे कारण पाण्यात आहे. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरलेला आहे. दर्यापूर-अकोटकडील विहिरी व बोअरचे पाणी खारट असते. अमरावती शहराला अप्पर वर्धा धरणाचे व अकोला शहराला काटेपूर्णेचे पाणी मिळते. तरी भांडी घासायला व ओटा पुसायला अनेक घरांत बोअरचेच पाणी वापरतात. ते ओट्यावर वाळले की नळाभोवती पांढरा थर बसतो. तो काढण्यासाठी संडास-फरशीचे ॲसिड ओतले जाते. ॲसिडने गारगोटीला काही होत नाही, पण डिंक व रंग खराब होऊन चकाकी जाते. ती घरच्या घरी परत येत नाही.

यावर उपाय अगदी स्वस्त आहे. ओटा धुतल्यावर पाणी त्यावर वाळू देऊ नये. कोरड्या सुती फडक्याने लगेच पुसावा. जमल्यास शेवटचा हात गोड्या पाण्याचा द्यावा. थर बसलाच असेल तर साबणपाण्याने भिजवून प्लास्टिकच्या पट्टीने हलकेच खरवडावा. तरीही न निघाल्यास व्हिनेगारमध्ये तितकेच पाणी घालून फडक्याने तेवढ्याच जागी पुसावे व मिनिटाभरात स्वच्छ धुऊन टाकावे. कडप्प्यावर मात्र हा प्रयोग कधीही करू नये. तो चुनखडीचा दगड आहे. लिंबानेसुद्धा त्यावर डाग पडतो.

रोजच्या सफाईला भांड्यांचा सौम्य साबण, कोमट पाणी व मऊ फडके पुरे. तारेची घासणी, ब्लीच, कॉस्टिक सोडा व थिनर वापरू नये. हळद सांडल्यास ताबडतोब पुसावी. साबण लागताच डाग लालसर दिसतो; घाबरू नये, हा हळदीचा गुण आहे. डाग राहिला तर खाण्याच्या सोड्याचा लेप दहा मिनिटे ठेवून धुवावा. बकरी ईदला मांस लाकडी ठोकळ्यावरच कापावे. ओट्यावर सुरी चालविली तर सुरी बोथट होते व करड्या रेघा उमटतात. चरबी व रक्त ओट्यात मुरत नाही, पण पृष्ठभागावर राहते. ते गरम साबणपाण्याने दोनदा धुवावे. अंगणात किंवा गच्चीवर क्वार्ट्झ बसवू नये, वऱ्हाडच्या उन्हात रेझिन पिवळे पडते.

आता कारागिरांसाठी एक गोष्ट. घरात बसलेला ओटा धुण्या-पुसण्यात कोणताही धोका नाही. धोका आहे तो लादी कोरडी कापण्यात. त्या बारीक धुळीने फुप्फुसांचा सिलिकोसिस होतो व तो बरा होत नाही. याच कारणाने ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून या लाद्या बनविण्यास, विकण्यास व बसविण्यास बंदी घातली. आपल्यापैकी अनेकांचे पोट फरशीकामावर चालते. त्यांनी पाणी सोडूनच कटर चालवावा, धुळीचा योग्य मास्क लावावा आणि धूळ कोरडी झाडू नये. साधा रुमाल या धुळीला अडवीत नाही. सिंकचे भोक घरात कापायला सांगण्यापेक्षा माप देऊन कारखान्यातच पाण्याखाली कापून घ्यावे.

मालातील उणीव गिऱ्हाइकापासून लपवू नये, ही व्यापाराबाबत इस्लामची स्पष्ट शिकवण आहे. "गरम भांडे नको, ॲसिड नको, ऊन नको" हे तीन शब्द बिलाच्या पाठीवर लिहून देणाऱ्या दुकानदाराची एखादी विक्री कदाचित जाईल. पण ज्या घरी त्याचा ओटा वर्षानुवर्षे चकाकत राहील, ते घर पुढचे गिऱ्हाईक स्वतःच त्याच्याकडे पाठवील.