शब्द शोधण्याची सूत्रे

शासकीय याद्या आता संगणकावर असतात. परंतु एकच आडनाव कोठे ‘कुलकर्णी’, तर कोठे ‘कुळकर्णी’ असे लिहिलेले आढळते. एकाच रूपाचा शोध घेतल्यास दुसरे सापडत नाही आणि पात्र व्यक्ती लाभापासून वंचित राहण्याचा संभव असतो. अशा वेळी ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’ म्हणजेच शोधसूत्र उपयोगी पडते. अमेरिकन गणितज्ञ स्टीफन क्लेनी यांच्या १९५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विवेचनात या कल्पनेचे मूळ आहे. केन टॉम्पसन यांनी १९६८ मध्ये संगणकावरील मजकूर शोधण्यासाठी तिचा उपयोग दाखवून दिला.

‘कु[लळ]कर्णी’ असे सूत्र लिहिल्यास दोन्ही रूपे सापडतात. कारण चौकटी कंसातील कोणतेही एक अक्षर त्या जागी चालते.

१९७२ मध्ये सुरू झालेला पिनकोड सहा अंकी असून त्याचा पहिला अंक शून्य नसतो. म्हणून प्रथम ‘[१-९]’ आणि पुढे ‘[०-९]’ पाच वेळा लिहावे. यादीतील अंक देवनागरी असतील तरच सूत्रातही देवनागरी अंक वापरावेत. एवढ्यावर थांबल्यास मात्र दहा अंकी मोबाईल क्रमांकातील सहा अंकही पिनकोड म्हणून स्वीकारले जातात. सूत्राच्या आरंभी ‘^’ आणि अखेरीस ‘$’ ही चिन्हे दिली की रकान्यातील संपूर्ण मजकूर ताडून पाहिला जातो.

नवशिक्यांनी प्रत्येक सूत्र दोन प्रकारच्या नोंदींवर तपासावे : ज्या सापडल्याच पाहिजेत आणि ज्या सापडता कामा नयेत. ही दुसरी तपासणी राहून गेल्यास चुकीच्या नोंदी कोणाच्याही लक्षात न येता यादीत शिरतात.